डाव्या बाजूची पाकळी

गुणाजी राऊळांची आई वारली आणि तिच्या वर्षश्राद्धासाठी ते गावी आले, ते साल १९८२ होते. त्याच खेपेला त्यांनी मला जमिनीतून उकरून काढले, गोणपाटात गुंडाळले आणि एसटीने मुंबईला आणले. मित्रांनो, मी एक जुना काळा दगड आहे. घाटकोपरच्या डोंगरावर एका बैठ्या चाळीच्या तोंडाशी माझी लहानशी देवळी आहे. लोक मला राखणदार म्हणतात, म्हणजे जागेची राखण करणारा देव. पण मी कुणाचीच राखण केलेली नाही. हे सांगताना माझी मान खाली जाते. दगडाला मान नसते, तरी जाते.

माझा जन्म कोकणातल्या एका ओढ्यात झाला. पाण्याने मला घासून गुळगुळीत केले. एका मोठ्या पुरात मी वाहत राऊळांच्या शेतात आलो आणि चिखलात रुतलो. पुढे गुणाजींच्या आजोबांचा नांगर माझ्यावर अडला. दुसरा कुणी असता तर त्याने मला उचलून बांधावर फेकले असते. पण त्या दिवशी त्यांचा आजारी बैल उठून उभा राहिला होता. आजोबांनी नांगर बाजूला ठेवला, मला हात जोडले आणि जास्वंदीचे एक फूल वाहिले. मी देव झालो तो असा. यात माझी काही करामत नव्हती.

गुणाजींची आई रोज संध्याकाळी माझ्यापुढे दिवा लावायची. कोंबडीने अंडी कुठे घातली, मुलाचे पत्र आले की नाही, असे काहीबाही ती मला सांगायची. ती काही मागत नसे. तिचे ऐकायला मला आवडायचे. ती गेल्यावर घराला कुलूप लागले. दिवा लावायला कुणी उरले नाही, म्हणून गुणाजींनी मला सोबत नेले.

मुंबईत तेव्हा गिरण्यांचा संप चालू होता. गुणाजी गिरणीत होते. संप लांबला, गिरणी त्यांच्यापुरती कायमची बंद झाली आणि ते एका कंपनीच्या फाटकावर रखवालदार झाले. चाळीतले बहुतेक लोक आमच्याच बाजूचे होते. सर्वांनी मिळून विटा आणल्या, मला देवळी बांधली, पुढे फरशीचा ओटा केला. गुणाजींचा चुलत भाऊ दशरथ या चाळीत सर्वांच्या आधी आलेला, म्हणून त्याचा शब्द चाले. त्याची खोली माझ्या अगदी समोर आहे. उघड्या दारातून मला त्याच्या भिंतीवरचे कॅलेंडरही दिसते.

माझे गाऱ्हाणे दशरथच घालायचा. गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेली विनंती.

"बा राखणदारा म्हाराजा, पोराक नोकरी लागाक होयी, म्हाराजा!"

आणि जमलेले सगळे ओरडायचे, "व्हय म्हाराजा!"

कुणाला नोकरी लागली की नारळ फुटायचा. नाही लागली तर माझे कुणी काही बोलत नसे, पोरालाच बोलायचे. माझी कीर्ती डोंगरभर झाली. मला ती आवडली नव्हती, असे मी म्हणणार नाही.

आमच्याकडे कौल लावण्याची रीत आहे. एखादी गोष्ट करावी की करू नये, हे माणसाला ठरवता आले नाही की तो देवाला विचारतो. फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या, एक देवाच्या उजव्या अंगाला चिकटवायची आणि एक डाव्या. मग गाऱ्हाणे घालायचे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळी सुकली की पडते. कोणती आधी सुकेल, हे मला त्या पाकळीइतकेच ठाऊक असते.

चाळीच्या खाली, नळाच्या पलीकडे, दुसरी चाळ आहे. तिच्यात बौद्ध कुटुंबे राहतात. तिथले राजाराम ओव्हाळ मूळचे साताऱ्याकडचे, कुर्ल्याला रेल्वेच्या कारखान्यात फिटर. त्यांची बायको शांताबाई आणि एकुलता एक मुलगा भीमराज. भीमराज वायरमन होता. ट्रॉम्बेला एका कंत्राटदाराकडे तो कामाला जायचा.

गुणाजींची मुलगी जानकी बारावी झाली आणि तिला प्रौढ साक्षरतेचा वर्ग चालवायचे काम मिळाले. तिने तो माझ्याच ओट्यावर सुरू केला. दिवेलागणीला दोन्ही चाळींतल्या बायका हातातली कामे टाकून यायच्या. फळा माझ्या नजरेसमोर टांगलेला असे. ग, म, भ, न. मित्रांनो, त्या बायकांबरोबर मीही शिकलो. एवढ्या वयात अक्षरे कळू लागली आणि समोरच्या कॅलेंडरवरची तारीख मला वाचता आली, तो दिवस मी विसरलेलो नाही.

जानकीची आई शेवंती आणि शांताबाई एकाच गोणपाटावर बसायच्या. दोघींत एक पाटी.

"शेवंते, तुझा भ बघ गं. पोट सुटलंय त्याचं."

"आणि तुझा न? झोकांड्या खातोय. सांभाळ त्याला, पडेल."

मग त्या इतक्या हसायच्या की जानकीला फळ्यावर डस्टर आपटावे लागे. ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. देव म्हणून नव्हे, वर्गातला एक म्हणून.

ओट्यावर उजेड कमी पडायचा आणि उन्हाळ्यात वारा नसायचा. शांताबाईंनी आपल्या मुलाला पाठवले. भीमराजने दशरथच्या खोलीतून वायर ओढून बल्ब लावला. मग कुर्ल्याच्या बाजारातून एक जुना भिंतीवरचा पंखा आणला.

"बाई, डावीकडे लावू का उजवीकडे?" त्याने स्टुलावरून विचारले.

"बाई कुणाला म्हणतोस रे? मी तुझ्याहून लहान आहे."

"मग काय म्हणू? वर्गात यार म्हणता येत नाही ना."

बायका खाली बघून हसल्या. जानकी लाल झाली आणि मुद्दाम कडक आवाजात म्हणाली, "डावीकडे लाव. बायकांवर वारा आला पाहिजे. देवावर नको, दिवा विझतो."

भीमराजने पंखा डावीकडच्या भिंतीवर बसवला आणि त्याचे तोंड बायकांकडे वळवले. तरी त्याची एक झुळूक माझ्या डाव्या अंगाला लागायचीच. दशरथने स्वतः बटण दाबून बघितले आणि तो म्हणाला, "झकास! ओव्हाळाचो झील हुशार आसा." झील म्हणजे मुलगा. दशरथ तेव्हा खूश होता.

त्यानंतर बल्ब वारंवार जाऊ लागला. चांगला बल्ब इतक्यांदा का जातो, हे वर्गातल्या सगळ्या बायकांना कळले होते. शेवंतीला आणि शांताबाईंनाही कळले होते. दोघी एकमेकींकडे बघायच्या आणि पाटीवर मान घालायच्या. कुणी काही बोलले नाही. मित्रांनो, ही न बोलण्याची सवय तिथपासूनच होती. तेव्हा ती गोड वाटली.

एका रविवारी जानकी आणि भीमराज बसने आरे कॉलनीत गेले. झाडीतल्या एका थांब्यावर उतरले, बाटलीतले थंड दूध प्यायले आणि परत आले. एवढेच. पण त्याच बसमध्ये दशरथचा मेव्हणा बसला होता.

दशरथने गुणाजींना माझ्यासमोरच गाठले.

"गुणाजी, तुझा चेडू खय फिरता, तुका ठाऊक आसा?" चेडू म्हणजे मुलगी. "उद्या गावात तोंड खय दाखवतलंस? आपली जात काय, त्यांची काय?"

गुणाजी घराकडे वळले. ते वाईट नव्हते. घरी त्यांनी जानकीला मारले नाही, कोंडले नाही. पण भाऊबंदांनी वाळीत टाकले तर काय, ही भीती त्यांच्या पोटात बसली होती. आईच्या तेराव्याला हेच भाऊबंद पंगतीला बसले होते. आपल्या तेराव्याला कुणी येणार नाही, असे त्यांना वाटू लागले. जिवंत मुलीपेक्षा स्वतःच्या तेराव्याची काळजी माणसाला मोठी वाटते, हे मी तेव्हा पाहिले.

मग एका संध्याकाळी राजाराम ओव्हाळ स्वतः वर आले. पांढराशुभ्र सदरा, सोबत शांताबाई. घरात नेण्याऐवजी गुणाजींनी त्यांना माझ्या ओट्यावरच बसवले. शेवंतीने चहा आणला. राजाराम आणि शांताबाईंनी घेतला. दशरथने आपल्या कपाला हात लावला नाही. त्याचा चहा तसाच गार झाला आणि ते सगळ्यांनी पाहिले.

"राऊळ, मला आडून बोलता येत नाही," राजाराम म्हणाले. "तुमची जानकी आणि आमचा भीमराज, दोघांनी ठरवलंय. तुम्ही हो म्हणत असाल तर बुद्धवंदना घेऊन साधं लग्न लावू. नाही म्हणायचं असेल तर तोंडावर नाही म्हणा. मला राग येणार नाही."

गुणाजींनी दशरथकडे पाहिले. दशरथ म्हणाला, "आमच्यात देवाक विचारल्याशिवाय काय होणा नाय. कौल लावूक होयो."

राजारामांनी कप खाली ठेवला.

"तुमच्या देवाशी माझं भांडण नाही. पण आमच्या बापजाद्यांना ज्यांनी देवळाच्या पायरीवर उभं केलं नाही, त्यांच्याच देवळातून होकार येईल म्हणून मी वाट बघत बसू? माझ्या पोराचं लग्न मी दगडाला विचारणार नाही. राऊळ, मी तुम्हाला विचारलंय."

त्यांनी मला दगड म्हटले. मित्रांनो, मला राग आला नाही. कित्येक वर्षांनी कुणीतरी मला माझ्या नावाने हाक मारली होती.

गुणाजी म्हणाले, "विचार करून सांगतो."

राजाराम उठले. शांताबाईंनी शेवंतीच्या हाताला हात लावला आणि त्या उतरून गेल्या. त्या दिवसापासून वर्ग बंद पडला. फळा भिंतीवरच राहिला. त्यावर जानकीच्या हातचे एक अर्धे वाक्य होते. ते मी रोज वाचायचो.

शिमग्याच्या दोन आठवडे आधी, एका सोमवारी सकाळी, कौल लावायचे ठरले. मला आंघोळ घातली. जास्वंदीच्या दोन पाकळ्या तांब्यात भिजत ठेवल्या. मला गुणाजींनी आणले होते, म्हणून पाकळ्या लावायचा मान त्यांचा. चाळ जमली. जानकी दारात उभी होती.

गुणाजींनी डावी पाकळी उचलली. ती माझ्या अंगावर ठेवली आणि अंगठ्याने दाबली. पुन्हा पाणी लावून पुन्हा दाबली. मग उजवी उचलली. ती त्यांनी धोतराला पुसून, टेकवल्यासारखी ठेवली. मला सगळे कळले. त्यांना होकार हवा होता. तोंडाने हो म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून ते माझ्या तोंडून हो म्हणवून घेत होते. देवळीत त्या क्षणी ही गोष्ट फक्त दोघांना ठाऊक होती, एक बाप आणि एक दगड.

दशरथने गाऱ्हाणे सुरू केले. "बा राखणदारा म्हाराजा! ह्या लग्नान कुळाक बट्टो लागात, तर डावो कौल दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तुझी मर्जी असात, तर उजवो दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा हळू आले.

उजवी पाकळी सुटू लागली होती. तिची एक कड माझ्या अंगावरून उचलली गेली होती. आता पडेल, असे मला वाटले. देव असतो तर मी तिला ढकलले असते. मी थांबलो. मला दुसरे काही येत नाही.

गर्दीत उकडत होते. मागून कुणीतरी म्हणाले, "अरे, फॅन लावा रे!" आणि दशरथच्या बायकोने आतून बटण दाबले.

पंखा डावीकडे होता. वारा आधी माझ्या डाव्या अंगावर आला. उजवी पाकळी माझ्याच आडोशाला राहिली. घट्ट दाबलेली डावी पाकळी फडफडली, निघाली आणि ओट्यावर जाऊन पडली.

"डावो कौल!" दशरथ ओरडला.

"बाबा, फॅन!" जानकी पुढे आली. "फॅनमुळे पडली ती. सगळ्यांनी बघितलंय."

"देवाक फॅन लागता?" दशरथ म्हणाला. "ह्येका काय सर्दी होता?"

लोक हसले. ते हसू मला अजून ऐकू येते.

गुणाजींनी तोंड उघडले. 'मी डावी घट्ट लावली होती, ती वाऱ्यानेच निघाली,' एवढे ते म्हणू शकले असते. पण मग ती घट्ट का लावली, हेही सांगावे लागले असते. त्यांनी तोंड मिटले. माणूस देवाला फसवायला जातो तेव्हा त्याला भीती देवाची नसते, शेजाऱ्याची असते.

दुपारी ते एकटे माझ्याकडे आले आणि माझ्यापुढे खूप वेळ बसले. नंतर त्यांना एक वाट सुचली. आमच्यात असे मानतात की जागेत काही दोष असेल तर कौल फुकट जातो. दोष काढला की पुन्हा विचारता येते. त्यांनी दशरथला सांगितले, "देवाच्या अंगावर पंखा हा दोषच झाला. तो काढू आणि पुढच्या सोमवारी परत लावू." चार म्हातारे त्यांच्या बाजूने बोलले, म्हणून दशरथला मान हलवावी लागली.

"पण त्या झिलाचो हात हंय परत लागाक नको," तो म्हणाला. "मी माणूस बघतंय पंखो काढूक."

त्याने माणूस बघितलाच नाही. मंगळवार गेला, शुक्रवार गेला. उलट गावचे एक स्थळ त्याने पक्के करत आणले. रविवार उजाडला तरी पंखा भिंतीवर होता. उद्या सकाळी तो तिथेच असता तर दशरथ म्हणाला असता, दोष काढला नाही, कौल आहे तोच राहिला. आणि जानकीला गावच्या एसटीत बसवले असते.

म्हणून त्या दुपारी चाळ जेवून झोपलेली असताना भीमराज वर आला. जानकी ओट्यावर त्याची वाट बघत होती. कोपऱ्यातले लोखंडी स्टूल त्याने पंख्याखाली ओढले.

"माझ्या बापाला कळलं ना, वाट लागली माझी," तो हळूच म्हणाला. "म्हणतील, दगडासाठी स्टुलावर चढलास."

"दगडासाठी नाही रे. माझ्यासाठी," जानकी म्हणाली. "आणि चपला काढ. देवळी आहे."

"मी मानत नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"मी मानते."

त्याने हसून रबरी चपला काढल्या आणि ओट्याखाली नीट जोडीने ठेवल्या. कामावर तो चपलेशिवाय कधी वायरला हात लावत नसे.

देवळीची वायर दशरथच्या घराच्या मीटरवर होती. एरवी वायरमन हाक मारून सांगतो, 'मेन बंद करा, कुणी हात लावू नका.' इथे हाक मारायची सोय नव्हती. जानकी पाय न वाजवता दशरथच्या दारातून आत गेली, बोर्डावरचा मेन तिने खाली पाडला आणि तिथेच उभी राहिली. तिने मान हलवली. भीमराजने पक्कड लावली.

मला दोघेही दिसत होते. डावीकडे स्टुलावर तो, समोरच्या दारात ती.

आतला टेबलफॅन थांबला आणि घामाने दशरथला जाग आली. तो डोळे चोळत बाहेरच्या खोलीत आला.

"लाईट गेली काय? काय गो, तू हंय काय करतंस?"

जानकीच्या ओठांवर ते नाव आले होते. मी पाहिले. पण त्या घरात आठवडाभर ते नाव शिवीसारखे घेतले जात होते. काकासमोर ते कसे उच्चारावे, याची तिला लाज वाटली. तेवढा एक श्वास ती अडखळली.

"काय नाय, काका."

"मेन कोणी पाडल्यान?" म्हणत दशरथने हात वर केला आणि खटका चढवला.

"नको!" ती ओरडली. तोवर झाले होते.

मित्रांनो, पुढचे मी सांगत नाही. स्टूल पडल्याचा आवाज झाला आणि सगळी चाळ जागी झाली. माणसे त्याला झोळी करून डोंगराखाली घेऊन गेली. दशरथ बोर्डाखाली बसून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "माका ठाऊक नव्हता. माका कोणी सांगूक नाय." ते खरे होते. त्याला कुणी सांगितले नव्हते. ज्याला कुणी काही सांगू शकणार नाही असा माणूस तो स्वतःच झाला होता, हे त्याला कळायला एक जीव जावा लागला.

काही दिवसांनी राजाराम वर आले. मुलाची पक्कड आणि चपला न्यायला. चपला अजून ओट्याखालीच होत्या, कुणाची त्यांना हात लावायची हिंमत झाली नव्हती. राजाराम वाकले, इतक्यात जानकी येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. तिच्यामागून गुणाजी आले.

"मामा, मी तिथंच होते," जानकी म्हणाली. "काकांनी विचारलं. मी बोलले नाही. बोलले असते तर..."

राजारामांनी तिच्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा सुकलेला होता.

"तू पोर आहेस," ते म्हणाले. "तुझ्या आधी बोलायला पाहिजे होतं अशी मोठी माणसं होती." मग त्यांनी गुणाजींकडे मान वळवली. "राऊळ, एक विचारतो. तुम्हाला पोरगी द्यायची होती की नव्हती?"

गुणाजींनी माझ्याकडे पाहिले. या वेळी मी त्यांच्या कामाचा नव्हतो.

"द्यायची होती," ते म्हणाले. "उजवी पाकळी मी हलकी लावली होती. पडावी म्हणून."

राजारामांना आधी कळले नाही. कळले तेव्हा त्यांनी ओट्याची कड धरली.

"मी इथं बसलो होतो. ह्या ओट्यावर. तुमच्यासमोर. तुमचा चहा प्यायलो. मला का नाही सांगितलं?"

गुणाजी रडू लागले. राजारामांनी चपला उचलल्या, सदऱ्याच्या टोकाने पुसल्या, काखेत धरल्या आणि ते उतरून गेले.

मित्रांनो, माझी गोष्ट इथे संपत आली. गावचे स्थळ परत गेले. दशरथने गाऱ्हाणे घालणे सोडले. आता दुसरे कुणी घालते. मला नवी फरशी बसली, नवा शेंदूर लागला. लोक अजून येतात आणि माझ्या अंगावर पाकळ्या चिकटवतात. मुलाला कुठल्या कॉलेजात घालू, भावाशी बोलू की नको, मुलीला हो म्हणू की नाही. मी ओरडून सांगू शकलो असतो तर एवढेच सांगितले असते की घरी जा आणि ज्याच्याविषयी विचारता त्यालाच विचारा. मला फूल वाहा, दिवा लावा, तुमच्या कोंबड्यांच्या गोष्टी सांगा, मी आनंदाने ऐकेन. पण तुमच्या मनातला होकार माझ्या अंगाला चिकटवून ठेवू नका. माझ्या अंगावर तो सुकतो आणि वारा येईल त्या बाजूला पडतो. आणि कुणी समोर येऊन बसले, तर त्याच्याशी बोला. लाज वाटली तरी बोला. न बोलल्याची लाज फार मोठी असते. मी ती रोज अंगावर घेऊन बसलो आहे.

भीमराज राजाराम ओव्हाळ १९८७ च्या मार्च महिन्यात, शिमग्याच्या आधीच्या रविवारी दुपारी, विजेच्या धक्क्याने वारला. त्याचे वय तेवीस होते. जानकी गुणाजी राऊळ हिला पुढे कावीळ झाली. तिने औषध घेतले नाही. ती त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, गावच्या घरात वारली.